साडू म्हणतो डायनामा गेला, बॅटरीवाला म्हणतो लिकेज

परभणी जिल्ह्यातल्या एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय, नाव-गाव काढून सार देतो. तालुक्याच्या ठिकाणी त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. २०१३ ची सेकंडहँड डिझेल गाडी, रोज घर ते दुकान तीन-चार किलोमीटर आणि कधीतरी नांदेडची चक्कर. पहिली बॅटरी चौदा महिन्यांत बसली, दुसरी चार महिन्यांची आहे आणि गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो. साडूचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, तो यांच्याकडून कधी मजुरी घेत नाही. त्यानं इंजिन चालू ठेवून बॅटरीचा मायनस काढून बघितला, गाडी बंद पडली नाही, तरी तो म्हणतो डायनामा (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) गेलाय, साडेआठ हजारात नवा टाकू. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी ओके आहे, गाडीत लिकेज आहे, म्हणजे बंद गाडीतही कुठंतरी करंट जातोय, वॉरंटीत बसणार नाही. वाचकांनी स्वतः ऑनलाइन मल्टिमीटर मागवला तर सकाळी १२.२, दुपारी गाडी चालू करून १४.१ आणि रात्री दुकान बंद करून निघताना १२.९. मागच्या वर्षी गाडीत ॲम्प्लिफायर आणि जीपीएस बसवलाय, तेही साडूनंच. प्रश्न असा की ऐकायचं कुणाचं, आणि साडूला नाही म्हणलं तर बायकोच्या माहेरी काय तोंड दाखवायचं.

नमस्कार भाऊ,

दोघांपैकी खरं कोण बोलायलंय असं तुम्ही विचारलंय, पण पत्र दोनदा वाचूनही मला कुठंच सापडलं नाही की या दोघांपैकी एकानं तरी मीटर लावला. साडूनं टर्मिनल काढून बघितलं, बॅटरीवाल्यानं हॉर्न वाजवून बघितला असणार. मोजलंय फक्त तुम्ही, आणि तुम्हीच स्वतःच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला तयार नाहीत. तीनही आकडे बहुतेक खरे असतील. फक्त एक करा, मल्टिमीटरच्या आतला ९ व्होल्टचा सेल नवा टाका, कारण स्वस्तातल्या मीटरचा सेल उतरला की तो रीडिंग वाढवून दाखवतो आणि माणूस उगीच खूश होतो.

दुसरी गोष्ट जरा खटकेल. साडू मजुरी घेत नाही हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय. पण विचार करा, अर्धा-पाऊण तास गाडीखाली वाकून कुठल्या वायरीत किती व्होल्ट पडायलेत हे शोधायचे त्याला काय मिळतात, शून्य. नवा डायनामा विकला तर दोन पैसे सुटतात. तो काही तुम्हाला फसवायलाय असं मी म्हणत नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना फुकटचं काम पटकन उरकायचं तर पार्ट बदलणं हाच रस्ता दिसतो, तुमचा साडू असो की दुसरं कुणी. आपल्याकडं सगळीकडंच हे आहे, तपासायचे पैसे द्यायला जिवावर येतं आणि पार्टचं बिल गुपचूप भरतो. तुमचा अर्धा प्रश्न इथंच अडकलाय असं मला वाटतं, त्यावर शेवटी येतो.

आधी आकडे. गाडीच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट, म्हणून फुल चार्ज बॅटरी निवांत असताना १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव आणि ११.९ च्या खाली गेली की उतरलीच धरायची. नवख्या माणसाला वाटतं १२ ची बॅटरी १२.२ दाखवायलीय म्हणजे फुल, तिथंच घोळ होतो. तुमचा सकाळचा १२.२ सांगतोय की बॅटरी रोज सकाळी अर्धीच असते. आणि निवांत म्हणजे खरंच निवांत, गाडी बंद करून लगेच मोजलं तर वरवरचा चार्ज दिसतो, १२.९ सुद्धा दिसेल. एक-दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करायचा, मग थोडं थांबून मोजायचं. सगळ्यात बेस्ट म्हणजे रात्रभर उभी ठेवून सकाळी दार उघडायच्या आधी, बॉनेटचं हँडल आत असतं त्यामुळे बॉनेट रात्रीच खुलं करून ठेवा.

आता "बॅटरी नवी आहे" या वाक्याबद्दल. नवी म्हणजे भरलेली असं काही नसतं. दुकानात पाच-सहा महिने पडलेली बॅटरी कितीतरी वेळा तशीच उचलून बसवतात, आणि डायनाम्याचं काम चालू गाडीचा खर्च भागवून गेलेलं भरून देणं एवढंच, अर्धी रिकामी बॅटरी काठोकाठ भरणं त्याला तुमच्या तीन-चार किलोमीटरमध्ये कधीच जमणार नाही. बॅटरी शेवटचा वीस टक्के चार्ज लई सावकाश घेते, त्याला तास लागतात. महिनोन्महिने अर्धी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो, मग ती चार महिन्यांतच म्हातारी होते. म्हणून काहीही तपासायच्या आधी ती गाडीतून काढा आणि स्लो चार्जिंगला लावा, म्हणजे बॅटरीच्या ॲम्पिअर-अवरच्या दहाव्या हिश्श्यानं, ६० ची असेल तर ६ ॲम्पिअरनं, रात्रभर. घरच्या इन्व्हर्टरला जोडून चार्ज करू नका, तो दीडशेच्या ट्यूब्युलर बॅटरीसाठी बनवलेला असतो, एवढीला करंट जास्त होतो. आणि चार्जिंग चालू असताना खोली उघडी ठेवा, जवळ बिडी-काडी नको, हायड्रोजन निघतो. दुसऱ्या दिवशी काही तास तशीच ठेवून मोजा. १२.६ धरून ठेवला तर बॅटरीला अजून चान्स आहे. कुठंही न जोडता टेबलावर ठेवलेली बॅटरी दोन दिवसांत १२.३ वर आली तर ती आतूनच गेलीय, मग लिकेज शोधत बसायचं कारण नाही, सरळ बॅटरीवाल्याकडं.

बसवल्यावर सेल्फ मारताना मोजा, एकानं चावी फिरवायची, एकानं मीटर बघायचा. प्रोब टर्मिनलच्या क्लॅम्पवर नको, मधल्या शिशाच्या खुंट्यावर टेकवा. सेल्फ फिरताना १० च्या आसपास किंवा वर राहिला तर चांगलं, ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी दमलीय किंवा सेल्फ जास्त करंट ओढायलाय. मग तेच रीडिंग क्लॅम्पवर घ्या. खुंट्यावर १०.५ आणि क्लॅम्पवर ८ आला तर भाऊ, तुमचा साडेआठ हजारांचा प्रश्न तिथंच त्या दोन मिलिमीटरमध्ये आहे. क्लॅम्प सैल करून बाहेर काढा, खुंटा बाहेरून चकचकीत दिसला तरी क्लॅम्पच्या आतल्या बाजूला करड्या-काळ्या रंगाचा खरखरीत थर असतो, बोटाला लागत नाही पण करंटला लागतो. हिरवी-पांढरी भुकटी असेल तर खायचा सोडा पाण्यात घालून वर ओता, फसफसून उतरेल, फक्त सेलची झाकणं घट्ट हवीत. पॉलिशपेपरनं आतून-बाहेरून घासा, आवळा, वरून व्हॅसलीन. काढताना मायनस आधी आणि बसवताना मायनस शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी नाही.

यानंतर चार्जिंग. तुमचा १४.१ दुपारचा, म्हणजे बहुतेक लाइट नाही, काही नाही. या वयाच्या गाडीला १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर ठीक समजायचं, १५ च्या वर गेला तर कटआउट, म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, बिघडलाय आणि बॅटरी उकळायलीय. रात्रीचा १२.९ मात्र दुकान बंद करून निघतानाचा, म्हणजे हेडलाइट चालू, एसी चालू, वर तुमचा ॲम्प्लिफायर, आणि गाडी आयडलला, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता. आयडलला डायनामा पूर्ण ताकदीनं देतच नाही. तर आता असं करा, हेडलाइट अपर, ब्लोअर फुल, एसी चालू, आणि एकानं ॲक्सिलेटर थोडा दाबून इंजिन २००० आरपीएमला धरायचं. तरीही १३.५ च्या खाली असेल तर गडबड आहे. नुसता १४.१ बघून "चार्जिंग ओके" म्हणणारा आणि नुसता १२.९ बघून "डायनामा गेला" म्हणणारा, दोघंही घाईत आहेत.

गडबड कुठं आहे ते शोधायला एक मोजणी आहे, ती गॅरेजमध्ये फार कमी लोक करतात याचं मला नवल वाटतं, कारण मीटर तोच आणि वेळ दोन मिनिटं. डायनाम्याच्या मागं रबरी टोपीखाली नटनं आवळलेली जाड वायर असते, बी प्लस म्हणतात. सगळा लोड चालू, इंजिन २००० ला, आता लाल प्रोब त्या नटावर आणि काळा प्रोब बॅटरीच्या प्लसवर. दोन्हीकडं प्लसच आहे मग काय दिसणार असं वाटेल, पण तिथं जे दिसेल ते वायरीनं खाल्लेलं व्होल्टेज. ०.२, फार तर ०.३ पर्यंत चालतं. मग काळा प्रोब डायनाम्याच्या बॉडीवर आणि लाल बॅटरीच्या मायनसवर, इथं ०.२ च्या आत पाहिजे. तुम्ही शेतकऱ्यांत वावरता म्हणून सांगतो, विहिरीवरची मोटर फुल पाणी फेकते पण पाइपाच्या जोडात गाळ बसला की शेवटच्या सरीला थेंब थेंब, आणि आपण मोटर बदलत बसतो. मायनसच्या बाजूला ०.६-०.८ आलं तर बॅटरीचा ट्रे काढून खाली बघा, तिथून गिअरबॉक्सला एक चपटी विणलेली अर्थिंगची पट्टी जाते. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल त्यात वाळून बसतो, पट्टीच्या तारा हिरव्या पडून तुटतात, नटाखाली गंज. नवी पट्टी किरकोळ पैशांत येते. हे सगळं करताना गळ्यातला गमछा काढून ठेवा, बेल्ट फिरत असतो.

बेल्टही बघाच, सकाळी चालू करताना चीं करून ओरडत असेल तर तो घसरायलाय आणि डायनामा बिचारा पुरा फिरतच नाही.

वायरी चांगल्या, बेल्ट चांगला, आणि बी प्लसवरच लोडमध्ये १३ च्या आत, तर मग साडूचं बरोबर, डायनाम्यात दोष आहे. तरीही नवाच कशाला? आतले कार्बन घासले असतील, कटआउट गेला असेल किंवा डायोडची प्लेट, हे सुटे मिळतात आणि चांगला वाइंडिंगवाला ते बदलून देतो. डायोडचं एक लक्षात ठेवा, लिक झालेला डायोड दिवसा चार्जिंग कमी करतो आणि रात्री गाडी बंद असताना बॅटरी उलटी पितो. म्हणजे साडू आणि बॅटरीवाला दोघंही खरे ठरू शकतात, हा योग तुमच्या गाडीत नसेलच असं मी म्हणणार नाही.

इंजिन चालू ठेवून मायनस काढायची पद्धत मात्र आजच बंद करा, साडूला माझं नाव सांगा हवं तर. जुन्या डिझेल जीप-ट्रॅक्टरला ते खपून जायचं, तिथं कॉम्प्युटर नव्हता. आजच्या गाडीत बॅटरी झटक्याला आधार देते, ती अचानक सुटली की डायनाम्याचं व्होल्टेज क्षणभरासाठी चाळीस-पन्नासच्याही वर उसळू शकतं. ते इसीएमच्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या, वाट्याला गेलं तर साडेआठ हजार स्वस्त वाटतील. आणि त्या टेस्टमधून कळलं काय तर गाडी बंद पडली नाही, म्हणजे डायनामा काहीतरी देतोय. मग त्यावरून तो गेलाय हे कसं ठरलं, हे मला अजून समजलेलं नाही.

आता लिकेज, आणि दोन दिवस उभी राहिली की बसते या तुमच्या वाक्यावरून मला इथंच जास्त संशय आहे. प्रत्येक गाडी बंद असतानाही थोडा करंट खाते, घड्याळ, लॉक, इसीएम, सगळं मिळून ५० मिलिॲम्पिअरच्या आत असेल तर नॉर्मल. ३०० असेल तर दिवसाला ७ ॲम्पिअर-अवर गेले, ६० ची बॅटरी चार दिवसांत अर्धी, आणि तुमची तर आधीच अर्धी असते, हिशेब जुळतोय बघा. मोजायचं असं: मीटर १० ॲम्पिअरच्या भोकात, मायनस सोडून केबल आणि खुंट्याच्या मध्ये मीटर. दारं बंद, बॉनेटचं लॉक स्क्रू ड्रायव्हरनं पाडून ठेवा म्हणजे गाडीला वाटेल बंद आहे, चावी बाहेर, आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीचे मॉड्यूल लगेच झोपत नाहीत. मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल नाहीतर मीटरच जळेल. साडूकडं डीसी क्लॅम्प मीटर असला तर काहीच सोडायची गरज नाही, केबलभोवती अडकवला की झालं, फक्त तो इतका छोटा करंट दाखवणारा हवा.

आकडा मोठा आला की एकेक फ्यूज काढत जायचं, कुठल्या फ्यूजला आकडा पडतो ते बघायचं. सुरुवात बाहेरून बसवलेल्या वस्तूंपासून करा, कंपनीच्या वायरिंगवर शेवटी संशय घ्या. म्युझिक सिस्टिमला पिवळी वायर कायम सप्लायची असते, लाल चावीवरची. घाईत दोन्ही पिळून एकाच ठिकाणी जोडतात, सिस्टिम चालते, तक्रार येत नाही आणि ॲम्प्लिफायर रात्रभर जागा राहतो. आणि ही जोडणी तुमच्या साडूच्या हातची आहे, त्यामुळे विषय नाजूक, मला कळतंय.

म्हणून त्याच्याकडं "तुझं चुकलं" घेऊन जाऊ नका. एका कागदावर सहा रीडिंग लिहा: सकाळचं निवांत, सेल्फ मारतानाचं, आयडलचं, २००० ला लोडसकट, प्लसच्या वायरीतलं आणि मायनसच्या वायरीतलं. प्रत्येकासमोर त्यावेळी काय काय चालू होतं ते. दुपारी गर्दी नसताना जा आणि म्हणा, "दाजी, हे माझ्या मीटरवर आलंय, माझा भरोसा नाही, तुमच्या मीटरवर घेऊन बघू का." वयानं लहान असेल तर नावानं हाक मारा, ते तुम्ही बघा. आणि निघताना तपासणीचे म्हणून चारपाचशे रुपये त्याच्या गल्ल्यावर ठेवा. घेणार नाही, ओरडेल, तरी ठेवा. पुढच्या वेळी तो तुमच्या गाडीला वेळ देईल आणि पार्ट विकायची गरजही पडणार नाही. बायकोच्या माहेरी यात कुणाची मान खाली जात नाही, उलट "जावई पैसे देऊन गेला" हीच बातमी पोचेल.

तुमच्यासारखी बरीच पत्रं येतात म्हणून बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. आपल्याकडं डिसेंबरात परभणीला कडाका पडला की बॅटऱ्या बसतात आणि सगळे थंडीला नावं ठेवतात, पण खरा घाव मे महिन्यात बसलेला असतो. ४२-४३ डिग्रीला पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल ते बघा, उष्णतेनं प्लेटा खराब होतात आणि पाणी उडतं, थंडी फक्त उघडं पाडते. पाण्याची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्याला बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नाही आणि जारचंही नाही, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. सगळ्या सेलमधलं पाणी सारखं भराभर कमी व्हायलंय तर चार्जिंग जास्त आहे, एकाच सेलमधलं कमी व्हायलंय तर तो सेल गेला. सीलबंद बॅटरीचा हिरवा डोळा फक्त एका सेलचं सांगतो, त्याच्या भरवशावर बसू नका.

आणि ज्यांच्या गाड्या नव्या आहेत, बीएस-६ वाल्या, त्यांनी वरचे चार्जिंगचे आकडे जसेच्या तसे लावू नका. बऱ्याच गाड्यांत डायनामा इसीएमच्या हुकमावर चालतो, सपाट रस्त्यावर १२.६ आणि ब्रेक मारताना १४.८ असंही दिसतं, तो बिघाड नाही. त्यांच्या मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो, चार्जरची किंवा जंपरची काळी क्लिप खुंट्यावर न लावता इंजिनच्या उघड्या धातूला लावायची. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम बॅटरी (सारखा सेल्फ मारणं सोसणारी) लागते, साधी स्वस्तात मिळाली म्हणून टाकली तर वर्षात परत दुकानात.

भाऊ, तुमच्या वॉरंटीचं राहिलं. "लिकेज आहे" हे बॅटरीवाल्यानं तोंडी सांगितलंय ना, मग बॅटरी फुल चार्ज करून त्याच्याकडं न्या आणि लोड टेस्ट (जोरात करंट ओढून बॅटरी किती तग धरते ते बघणं) करून रिझल्ट कार्डावर किंवा बिलावर लिहून मागा, तारीख-सहीसकट. फेल आली तर चार महिन्यांची बॅटरी बहुतेक कार्डांवर फुकट बदलीच्या मुदतीत असते, तुमच्या कार्डावर किती महिने लिहिलेत ते आजच काढून बघा. पास आली तरी कागद ठेवा. आणि त्याच्याकडं जायच्या आधी ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढून दोन रात्री गाडी उभी ठेवा, सकाळी १२.५ च्या वर दिसलं तर दुकानात जायची गरजच नाही, साडूकडून फक्त ती लाल वायर चावीच्या लाइनवर घेऊन या.